माय कझिन रेचल: सूड उगवायला निघालेला प्रेमात पडतो तेव्हा

डाफ्ने द्यू मॉरिएची ही कादंबरी 1951ची. इटलीत लग्न करून तिथेच वारलेल्या अ‍ॅम्ब्रोजच्या मृत्यूला त्याची बायको रेचल जबाबदार आहे, असं अ‍ॅम्ब्रोजनेच वाढवलेला त्याचा चुलतभाऊ फिलिप धरून चालतो. तिला धडा शिकवायची शपथ घेतो. ती इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला फिलिपच्या घरी येते आणि शपथ विरघळते.

सगळी खुबी निवेदनात आहे. फिलिप स्वतः गोष्ट सांगतो, त्यामुळे रेचलच्या मनात काय चाललंय ते कधीच कळत नाही. पुरावे दिसतात तेही दुधारी. अ‍ॅम्ब्रोजच्या पत्रांत संशय आहे, पण तो आजारी मेंदूचाही असू शकतो. रेचल औषधी वनस्पतींचा काढा करून देते; त्याने बरंही वाटेल, जीवही जाईल. लॅबर्नमच्या बिया लक्षात ठेवा. झाड दिसतं आपल्या बहाव्यासारखं, बिया मात्र विषारी.

मधला भाग रेंगाळतो. फिलिपचा पंचविसावा वाढदिवस येईपर्यंत त्याचा हट्टीपणा अक्षरशः डोक्यात जातो. दागिने आणि इस्टेटीचे कागद बाहेर निघाले, की मात्र पुस्तक खाली ठेवता येत नाही.

खुनी कोण याचं पक्कं उत्तर हवं असेल, तर चिडचिड होईल. शेवटची पानं सावकाश वाचा. पुलाचा उल्लेख सहज निसटतो.