जीवनसत्त्वे आणि संप्रेरके एकाच नमुन्यात: मोजणी चोख, वाचन अपुरे

घरी येऊन रक्ताचा नमुना नेणाऱ्या आणि जीवनसत्त्वे, खनिजे, संप्रेरके, साखर, कोलेस्टेरॉल अशा सगळ्यांची एकाच फेरीत मोजदाद करून देणाऱ्या तपासणी पॅकेजांची सध्या चलती आहे. त्यांपैकी एक मी घेतले. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण ज्या उणिवा पुढे मांडणार आहे त्या अशा सेवेच्या एकूण बांधणीतच आहेत आणि नाव बदलले तरी त्या बहुधा तशाच राहतील. पॅकेजमध्ये ड आणि ब१२ जीवनसत्त्व, फोलेट, लोह, फेरिटिन, कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, सेलेनियम, थायरॉइडची तीन मापे, ताणाशी निगडित संप्रेरक कॉर्टिसोल, टेस्टोस्टेरॉन, उपाशीपोटीचे इन्सुलिन, एचबीए१सी आणि शरीरातील दाह दाखवणारे सीआरपी असे बरेच घटक होते.

नमुना घेण्याच्या कामाबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. तंत्रज्ञ ठरलेल्या वेळी आला, प्रत्येक नळीवरचे लेबल त्याने माझ्यासमोर ताडून पाहिले आणि नमुने थंड पेटीत ठेवले. अहवालावर नमुना घेतल्याची आणि तो प्रयोगशाळेत पोहोचल्याची अशा दोन्ही वेळा छापलेल्या होत्या. मोजणीची पद्धतही घटकागणिक दिली होती, आणि ही गोष्ट वाटते त्यापेक्षा अधिक महत्त्वाची आहे, कारण एकाच संप्रेरकाचे आकडे पद्धत बदलली की थोडे बदलतात आणि पुढच्या खेपेला तुलना करायची तर तीच पद्धत असणे सोयीचे ठरते.

अडचण सुरू होते ती पूर्वतयारीच्या सूचनांपासून. ‘दहा ते बारा तास उपाशी राहा, पाणी चालेल’ एवढाच संदेश आला. कोणती औषधे किंवा पूरक गोळ्या चालू आहेत, हा प्रश्न कोठेही विचारलेला नव्हता. केस आणि नखांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन हे ब गटातील जीवनसत्त्व असते. प्रौढ माणसाची त्याची दैनंदिन गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम धरली जाते, तर या गोळ्यांत ते अनेकदा ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असते. एवढे बायोटिन शरीराला सहसा अपाय करत नाही. गोंधळ होतो तो प्रयोगशाळेच्या यंत्रात. संप्रेरके मोजण्याच्या अनेक पद्धती बायोटिन आणि त्याला पकडणारे स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन या जोडीच्या घट्ट बंधावर उभ्या आहेत, आणि रक्तात मुळातच बायोटिनचा सुकाळ असला की तो बंध बिघडतो. त्यामुळे थायरॉइडला कामाला लावणारे टीएसएच खोटेच कमी आणि थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक मुक्त टी४ खोटेच जास्त दिसू शकते, म्हणजे थायरॉइड पूर्ण निरोगी असताना कागदावर मात्र अतिसक्रिय थायरॉइडचे हुबेहूब चित्र उभे राहते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता, आणि हृदयविकाराच्या निदानासाठी मोजल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनचा आकडा बायोटिनमुळे खोटा कमी आल्याने झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख त्यात होता. अशा गोळ्या तपासणीपूर्वी निदान दोन दिवस बंद ठेवाव्यात, हे एक वाक्य त्या संदेशात घालायला काय हरकत होती?

वेळेचेही तसेच. अ‍ॅपवर सकाळी लवकरपासून दुपारपर्यंतच्या कोणत्याही वेळेची नोंदणी करता येते, जणू रक्तातील सगळेच घटक दिवसभर एका पातळीवर थांबून असतात. कॉर्टिसोल पहाटेपासून चढत जाते, जागे झाल्यानंतर थोड्याच वेळात शिखर गाठते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. सकाळी आठचा आणि दुपारी बाराचा आकडा एकाच संदर्भमर्यादेने, म्हणजे सामान्य मानल्या जाणाऱ्या एकाच पट्ट्याने, तोलणे म्हणजे मोजमापाचा मूळ हेतूच सोडून देणे होय. टेस्टोस्टेरॉन सकाळी, उपाशीपोटी मोजावे आणि कमी आल्यास वेगळ्या दिवशी पुन्हा मोजूनच निष्कर्ष काढावा, असा प्रघात आहे. टीएसएच रात्री वाढते आणि दुपारकडे उतरते. शिवाय गर्भनिरोधक गोळ्यांतील इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसोल वाहून नेणारे प्रथिन वाढते आणि एकूण कॉर्टिसोल उगाच जास्त दिसते. हेही विचारले गेले नाही. मी माझ्यापुरती सकाळी लवकरची वेळ निवडली; ज्याला हे ठाऊक नाही तो सोयीची वेळ निवडेल, आणि त्यात त्याला दोष देता येणार नाही.

आता अहवाल. तो देखणा आहे, अक्षर मोठे आहे, मर्यादेबाहेरचे आकडे लाल रंगात आहेत. रचना मात्र अशी की एका भागात ‘पोषण’, दुसऱ्यात ‘संप्रेरके’, तिसऱ्यात ‘साखर’ आणि पार शेवटी ‘दाह’. शरीरात या विभागण्या नाहीत. लोहाचेच उदाहरण घेण्यासारखे आहे. आतड्यातून किती लोह आत घ्यायचे हे ठरवणारे हेप्सिडिन हे यकृतात तयार होणारे संप्रेरक आहे. पेशीतून लोह रक्तात सोडणारे फेरोपोर्टिन नावाचे एक दार असते. हेप्सिडिन त्याला चिकटते आणि ते दारच नाहीसे करते. साठा भरला की हेप्सिडिन वाढते, आणि जंतुसंसर्ग किंवा दाह असला तरीही वाढते, कारण जंतूंना लोह मिळू न देणे हा शरीराचा जुना बचाव आहे. म्हणून दीर्घकाळ दाह असलेल्या माणसाच्या भांडारात लोह असूनही रक्तात ते कमी दिसते, आणि पंडुरोग होतो तो लोह नसल्यामुळे नव्हे, तर ते अडकून पडल्यामुळे. दुसरीकडे, साठ्याचा अंदाज देणारे फेरिटिन दाहात आपोआप वाढते, त्यामुळे खरी कमतरता झाकली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढांसाठी कमतरतेची रेषा दर लिटरला १५ मायक्रोग्रॅमवर ठेवली आहे, पण संसर्ग किंवा दाह असेल तर ती ७० पर्यंत वर नेली आहे. याचा अर्थ असा की फेरिटिनचा आकडा सीआरपीच्या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय वाचताच येत नाही. पॅकेजमध्ये दोन्ही मोजले होते, त्यासाठी पैसेही घेतले होते, आणि तरी ते अहवालाच्या दोन टोकांना छापून मोकळे झाले होते.

हाच धागा साखरेपर्यंत जातो. एचबीए१सी म्हणजे लाल पेशीतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, आणि लाल पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने ते मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. लोहाच्या कमतरतेत मात्र रक्तातील साखर तेवढीच असूनही ते थोडे वर सरकू शकते, आणि लाल पेशी लवकर फुटत असतील तर खाली येते. मधुमेहपूर्व अवस्थेची सीमा ५.७ टक्के आणि मधुमेहाची ६.५ टक्के मानली जाते. या सीमेच्या आसपास असलेल्या माणसाच्या बाबतीत लोहाचे पान आधी वाचणे आवश्यक आहे. उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि ग्लुकोज (दर डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये) यांचा गुणाकार करून त्याला ४०५ ने भागले की इन्सुलिन-रोधाचा निर्देशांक मिळतो, आणि तोही अहवालात होता. लोकसमूहांच्या अभ्यासासाठी तो चांगला आहे. एका माणसाच्या एका दिवसाच्या आकड्यावर त्याचा दशांश चिन्हापर्यंत भरवसा ठेवणे मला पटत नाही, विशेषतः इन्सुलिनच्या मोजणीत प्रयोगशाळागणिक फरक पडत असताना.

ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत कंपनीने योग्य घटक मोजला, ही जमेची बाजू. त्वचेत सूर्यप्रकाशाने तयार होणारे किंवा पोटातून आलेले ड जीवनसत्त्व यकृतात पहिले रूप घेते आणि मूत्रपिंडात दुसरे. दुसरे रूप हेच खरे कार्य करणारे, म्हणजे सर्वार्थाने संप्रेरकच. तरीही साठा पाहण्यासाठी यकृतातले पहिले रूपच मोजावे लागते. कमतरता असली की पॅराथायरॉइड संप्रेरक वाढते आणि मूत्रपिंडाला कामाला लावते, त्यामुळे दुसऱ्या रूपाची पातळी ठीक किंवा चक्क जास्तही आढळू शकते. काही प्रयोगशाळा हे दुसरे रूपही महागड्या जोडतपासणीसारखे सुचवतात. या कंपनीने तो मोह टाळला आहे. मात्र अहवालातील दर मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅमची लाल रेषा आता वादातीत राहिलेली नाही. अमेरिकेच्या वैद्यक संस्थेच्या समितीने २० ही पातळी जवळजवळ सर्वांच्या हाडांसाठी पुरेशी मानली होती. संप्रेरकतज्ज्ञांच्या ज्या संघटनेने २०११ मध्ये ३० चा पुरस्कार केला, तिनेच २०२४ मध्ये तो मागे घेतला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये, अशी सूचना केली. २५,८७१ जणांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज २,००० एकक ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत कर्करोग किंवा हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. पण २४ आला की अहवाल लाल होतो आणि त्याखाली गोळ्यांची जाहिरात येते.

ब१२ चा आकडा सीमेवर असेल तर ब१२ कमी पडल्यावर वाढणारे मिथाइलमॅलोनिक आम्ल मोजल्याशिवाय फैसला करू नये, आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्यांत ब१२ कमी होऊ शकते. यातले पहिले अहवालात लिहिलेले होते, दुसरे नव्हते. ब१२ कमी असताना नुसते फोलिक आम्ल, म्हणजे गोळीतले फोलेट, घेतल्यास रक्त सुधारते आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालू राहते, हा इशारा तर दोन्ही आकड्यांच्या मधोमध असायला हवा होता.

थायरॉइडच्या भागाबद्दल माझे मत संमिश्र आहे. टी४ च्या रेणूत आयोडिनचे चार अणू असतात. त्यांपैकी एक काढून त्याचे कार्यक्षम टी३ करणाऱ्या विकरांना सेलेनियम लागते. आयोडिनचा उपयोग डेव्हिड मरीन यांनी ओहायोतील अ‍ॅक्रन येथे १९१७ मध्ये शाळकरी मुलींवर सुरू केलेल्या प्रयोगातून दिसून आला आणि १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आयोडिनयुक्त मीठ आले. पण आयोडिन पुरेसे मिळणाऱ्या समाजांत थायरॉइड मंदावण्याचे मुख्य कारण स्वप्रतिकारशक्तीचा हल्ला हे आहे, आणि तो ओळखणारी प्रतिपिंड-तपासणी पॅकेजमध्ये नव्हती. तिच्या जागी सेलेनियम होते, ज्याची गरज क्वचितच पडते. निवड करणाऱ्याने उपयोगापेक्षा यादीची लांबी पाहिली असावी.

या लांबीचा एक हिशेबही आहे. संदर्भमर्यादा साधारणपणे अशा आखल्या जातात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के त्यात बसावेत. मग परस्परांशी संबंध नसलेले २० घटक मोजले तर पूर्ण निरोगी माणसाचेही सगळे आकडे मर्यादेत येण्याची शक्यता ३६ टक्के उरते, आणि ४० घटक मोजले तर जेमतेम १३ टक्के. प्रत्यक्षात घटक एकमेकांशी निगडित असल्याने आकडा तंतोतंत एवढा नसतो, पण कल मात्र हाच राहतो. म्हणजे मोठे पॅकेज घेणाऱ्याला एक-दोन लाल रेघा मिळणे जवळपास ठरलेलेच.

अहवालानंतर फोनवर आहारसल्लागाराशी बोलता येते. सल्लागार सौजन्याने बोलल्या, ऐकूनही घेतले, परंतु त्यांच्यासमोर लाल आकड्यांखेरीज दुसरे काही नसावे असे जाणवत राहिले. लोहाच्या गोळीबद्दल विचारले असता दिवसातून दोनदा घेण्याचे उत्तर मिळाले. गोळीनंतर हेप्सिडिन सुमारे २४ तास वाढलेले राहते आणि त्यामुळे पुढच्या मात्रेचे शोषण घटते. लोह कमी असलेल्या स्त्रियांवरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका दिवसाआड दिलेल्या गोळ्यांतून लोहाचे शोषण अधिक झाले होते. कोणाला कोणती मात्रा योग्य हे डॉक्टरांनी ठरवायचे. पण लोह आणि संप्रेरक दोन्हींचे ज्ञान विकणाऱ्या सेवेच्या सल्ल्यात या दोहोंचा संबंध निदान उल्लेखाने तरी यायला हवा होता.

हे पॅकेज कोणी घ्यावे? ज्याच्याकडे आधीपासून एखादा ठोस प्रश्न आहे, म्हणजे न जाणारा थकवा, हातापायांना मुंग्या, अनियमित पाळी, अकारण वजनबदल, आणि ज्याचे डॉक्टर हे आकडे एकत्र वाचणार आहेत, त्याला एका फेरीत सगळे मिळण्याची सोय खरी आहे. तरीही अशा माणसाला डॉक्टरांनी निवडलेल्या पाच-सहा तपासण्या बहुधा पुरतात. काहीच तक्रार नसलेल्याला मी हे सुचवणार नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर नमुना आणि मोजणीला साडेचार, पूर्वतयारीच्या सूचनांना एक आणि अहवालाच्या मांडणीला दोन.

फेरतपासणीची आठवण करून देणारा संदेश बरोबर महिन्याने आला, आणि तो सगळ्याच घटकांसाठी एकसारखा होता. थायरॉइडच्या गोळीची मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात, ड जीवनसत्त्व आणि एचबीए१सी यांना तीन महिन्यांच्या आत पुन्हा मोजण्यात फारसा अर्थ नसतो. संदेशाखाली सवलतीची मुदत मात्र ४८ तासांची होती.