पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन): कंट्रोलच्या लॅबमध्ये की गणिताच्या विभागात?

नागपुरात बजाजनगरला तर्री-पोह्याच्या गाडीवर व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेची मुलं भेटली की हा प्रश्न हमखास निघतो. पीएचडीचा व्हायवा झालेला असतो आणि दोन ठिकाणांहून बोलावणं आलेलं असतं. एक कंट्रोल इंजिनिअरिंगची, म्हणजे यंत्राला हवं तसं वागवण्याच्या शास्त्राची लॅब, दुसरा उपयोजित गणिताचा विभाग. "दादा, कुठं जाऊ?"

विषय तोच, स्लायडिंग मोड कंट्रोल, म्हणजे आदेश झपाट्याने उलटसुलट करत यंत्राला ठरल्या वाटेवर धरून ठेवणं. तरी दोन्हीकडे प्रश्न वेगळे पडतात. घरच्या टाकीचा ऑटोमॅटिक मोटर कंट्रोलर आठव. पाणी सेन्सरच्या पातळीला आलं आणि हिंदकळायला लागलं की मोटरचा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, चालू-बंद होत तडतडतो. स्लायडिंग मोड कंट्रोलमध्ये यालाच आपण चॅटरिंग म्हणतो. लॅबमधला माणूस विचारतो, कॉन्टॅक्टर जळण्याआधी ही तडतड कमी कशी करू? लेव्हांट या संशोधकाने 1993 मध्ये मांडलेला सुपर-ट्विस्टिंग अल्गोरिदम, म्हणजे तडतड कमी करणारी नियंत्रणाची रीत, याच ओढीतून आला. गणितवाला त्याच्याही आधी थांबतो. यंत्राची चाल सांगणाऱ्या समीकरणाची उजवी बाजूच तुटक आहे, मधेच उडी मारते, मग त्याची उकल नेमकी कशाला म्हणायची? फिलिपोव्ह या रशियन गणितज्ञाने 1960 मध्ये अशा उकलीची व्याख्या दिली, आणि सुपर-ट्विस्टिंगची सिद्धता लिहिताना आजही आपण त्याच व्याख्येवर उभे असतो.

लॅबमध्ये दिवस कसा जातो हे मी जवळून पाहिलंय. सिम्युलेशनमध्ये उलटा लंबक काठीसारखा ताठ उभा राहतो. खऱ्या सेटअपवर एन्कोडरच्या (कोन मोजणाऱ्या सेन्सरच्या) रीडिंगवरून वेग काढायला डेरिव्हेटिव्ह घेतलं की नॉइज एवढा वाढतो की मोटर थरथरत राहते. तीन दिवस शोधाशोध केल्यावर कळतं, अर्थिंगच ढिलं होतं. यात वेळ जातो, पण हात तयार होतात. गणिताच्या विभागात एकाच लेमावर, म्हणजे मोठ्या सिद्धतेतल्या एका छोट्या पायरीवर, महिना जातो, आणि दाखवायला फळ्यावरच्या चार ओळी असतात. ज्याला रोज काहीतरी हललेलं पाहायचंय त्याला तो महिना फार जड जातो.

फेलोशिपचं थोडक्यात सांगतो. देशातली राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप दोन वर्षांची असते, गणितासाठी राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचीही (एनबीएचएम) आहे. जर्मनीतली हुम्बोल्ट फेलोशिप 6 ते 24 महिन्यांची. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपसाठी, ज्या देशात जायचंय तिथे गेल्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही.

नोकरीचा हिशेब मात्र नीट कर. इंजिनिअरिंगच्या विभागात प्राध्यापक व्हायला सहसा त्या शाखेची बीई-एमटेक लागते. म्हणून एमएस्सी गणित करून आलेल्याने लॅबमध्ये कितीही चांगलं काम केलं तरी इलेक्ट्रिकलचं दार बहुधा बंदच राहतं. त्याने लॅबमध्ये जरूर जावं, पण परतायचंय गणितातच हे धरून. तुझी बीई-एमटेक इलेक्ट्रिकलची असेल तर गणितात दोन वर्षं घालवून तुझी पात्रता कुठेही जात नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जी बाजू कच्ची आहे तिकडे जा. पुढे वर्ग, पेपर तपासणी आणि प्रोजेक्टची कागदपत्रं मागे लागली की पायापासून नवं शिकायला अशी सलग दोन वर्षं मिळत नाहीत. इलेक्ट्रिकलवाल्याला मी डोळे झाकून गणिताचा विभाग सांगतो. अपवाद एकच, पीएचडी सगळी सिम्युलेशनवरच झाली असेल तर आधी लॅब.

होकार कळवण्याआधी तिथल्या सध्याच्या पोस्टडॉकला फोन कर. आठवड्यातून किती वेळा गाइडसोबत फळ्यासमोर किंवा सेटअपसमोर बसायला मिळतं, एवढं विचार.