आमच्या तालुक्यात सोनी बीबीसी अर्थ घ्यावं का? घ्याच!

ताडोब्याला लागून आमचं गाव, वाघ काय टीव्हीवर पाहाचा म्हणून मी आधी हे चॅनेल घेतच नव्हतो. पोट्ट्यानं हट्ट केला म्हणून पॅकमध्ये टाकलं अन् आता जेवणं झाली की सगळे यासमोरच बसतात. यातले लय कार्यक्रम इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरात तयार होतात, तिथं बीबीसीचं प्राण्यांचं वेगळं युनिट 1957 पासून चालू आहे, अन् काम पाहून समजतेच. प्लॅनेट अर्थ 2 या मालिकेसाठी त्याइनं 40 देशांत 117 दौरे केले म्हणे, 3 वर्षं! त्यात मुंबईचा बिबट्या आहे, रात्री डुकराच्या मागं कसा दबून दबून येते, अंगाची गरमी टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यात त्याचं अंग नुसतं पांढरं चमकते. आबाजीनं आयुष्यभर वावरात जागली केली, ते एकदम सरसावून बसले न् म्हणाले, अस्साच येते पाय टाकत!

हिंदी आवाज छान आहे, पण आपल्या मराठीत पाहिजेच, आबाजीला अर्धं मलेच सांगा लागते. लाईन गेली की मजा जाते तेवढंच. पाचपैकी साडेचार.