समोरचा रंग की शेजारचा?

लक्ष्मी रोडवर पैठणी बघायला बसलात की चित्रकारांचं बारा रंगांचं चक्र आठवा. हिरव्या अंगाला लाल काठ ही त्यातली समोरासमोरची जोडी. दोन्ही रंग एकमेकांना उठाव देतात, म्हणून काठ लांबूनही नजरेत भरतो. पण निम्मे-निम्मे आले की डोळ्यांना टोचतात. दुसरा रंग काठापुरताच बरा.

शेजारचे रंग, म्हणजे पिवळा, पिवळसर नारिंगी, नारिंगी, सहज जुळतात. फक्त गडद-फिक्याचा फरक हवा, नाहीतर सगळं सपाट. पेठेतल्या अंधाऱ्या दिवाणखान्याला मी हेच सुचवेन: भिंती फिकट पिवळ्या, पडदे गडद नारिंगी. निळी उशी एखादीच, हौस म्हणून. साडी मात्र ट्यूबलाइटखाली ठरवू नका. पदर दारापाशी नेऊन उजेडात बघा, दुकानदार कितीही कुरकुरला तरी.