लूमशेजारची गिटार आणि सीमोर डंकनचे ‘फिफ्टी नाइन’ हमबकर

आमच्या दुकानाची आणि टॉवेलच्या कारखान्याची भिंत एकच आहे. सोलापूरच्या पूर्व भागात यात नवल काहीच नाही. माझं काम मोटार रिवाइंडिंगचं. लूमच्या मोटारी जळाल्या की माझ्याकडे येतात. रात्री शटर अर्धं ओढून तिथंच गिटार वाजवतो, ऑर्केस्ट्राची प्रॅक्टिसही तिथंच होते. माझी पहिली गिटार तीन सिंगल कॉइल पिकअपवाली होती. पलीकडे लूम चालू असले की अॅम्पमधून अखंड ‘घूंऽऽ’ यायचं. कारखान्याला सुट्टी असली की निम्मं कमी व्हायचं, उरलेलं आमच्याच ट्यूबलाइटचं.

ही घरघर म्हणजे आपल्या लाइनचा ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर. पिकअप म्हणजे स्ट्रिंगचं कंपन पकडून अॅम्पला सिग्नल देणारा गिटारचा भाग, शेवटी चुंबकावर गुंडाळलेली तांब्याची तार. आजूबाजूला जे काही विजेचं चालू असेल ते ती पकडणारच. हमबकरमध्ये अशा दोन कॉइल असतात, एकमेकींना उलट जोडलेल्या, आणि त्यांच्या खालचे चुंबकाचे ध्रुवही उलटे. बाहेरची घरघर दोन्ही कॉइलमध्ये सारखीच शिरते आणि उलट जोडणीमुळे कटते. स्ट्रिंगचा आवाज मात्र ध्रुवामुळे एकदा उलटतो, जोडणीमुळे पुन्हा उलटतो, म्हणून त्याची बेरीज होते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला, पेटंट मिळालं १९५९ मध्ये. त्या काळातल्या पिकअपच्या पाठीवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’, म्हणजे पेटंटसाठी अर्ज केला आहे, असा स्टिकर असायचा. त्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून जुन्या गिब्सन हमबकरना आजही ‘पीएएफ’ म्हणतात. वाइंडिंगवाल्या माणसाला हे डोकं बघून हात जोडावेसे वाटतात. एक कॉइल जास्त आणि एक जोडणी उलटी, बस्स.

म्हणून दुसरी गिटार घेतली ती दोन हमबकरची, इंडोनेशियात बनलेली, ट्रेमोलो ब्रिजवाली (ब्रिज म्हणजे स्ट्रिंग अडकवायची खालची पट्टी, ट्रेमोलोत ती दांडीने हलते). घरघर गेली. पण स्टेजवर गेलो की आवाज चिखल. आमच्या ऑर्केस्ट्रात एका रात्रीत मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू अशी चार भाषांतली गाणी होतात. कीबोर्ड आहे, ऑक्टोपॅड आहे, ढोलकी आहे. त्यात माझी नेक पिकअपवरची, म्हणजे मानेजवळच्या पिकअपवरची, कॉर्ड कुठं गेली ते मलाच कळायचं नाही. आर्पेजिओ वाजवला तर सहा स्ट्रिंगचे सहा दाणे ऐकू यायला पाहिजेत, इथं एकच गोळा यायचा.

पिकअप बदलायचे ठरवले आणि आमच्या मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचे जुने गिटारिस्ट, आता बोटं दुखतात म्हणून वाजवत नाहीत.

“मास्तर, कुठला घेऊ?”

“आधी स्क्रू फिरवून बघितलास का?”

नव्हता बघितला. पिकअपच्या दोन्ही बाजूंना जे दोन स्क्रू असतात त्यांनी तो वर-खाली होतो. माझा नेक पिकअप जवळजवळ स्ट्रिंगला टेकला होता. शेवटच्या फ्रेटवर स्ट्रिंग दाबायची आणि स्ट्रिंगच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या पोलपर्यंतचं (प्रत्येक स्ट्रिंगखालच्या लोखंडी टोकापर्यंतचं) अंतर मोजायचं. सुरुवात ब्रिजला साधारण १.६ मिलिमीटर आणि नेकला २.४ मिलिमीटरवर करायची, मग कानाने ठरवायचं. मोटारीच्या एअर गॅपसाठी दुकानात फिलर गेज असतंच, ते लावलं. नेक पिकअप दोन फेरे खाली घेतला आणि निम्मा चिखल तिथल्या तिथं बसला. हे लिहिणाऱ्या प्रत्येकाने पहिलं सांगायला हवं: दहा-वीस हजार घालवण्याआधी एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि एक संध्याकाळ द्या. अनेकांचं काम इथंच संपेल.

माझं संपलं नाही. आवाज मोकळा झाला, पण खालच्या तीन स्ट्रिंगचा गुंता राहिलाच.

मग निवड. इथं मी दोन महिने चुकीच्या रस्त्याने गेलो, आणि बरेच जण जातात म्हणून सविस्तर लिहितो. प्रत्येक पिकअपच्या माहितीत डीसी रेझिस्टन्स दिलेला असतो, किलोओहममध्ये. सीमोर डंकन कंपनीचा ‘फिफ्टी नाइन’ ब्रिजला सुमारे ८.१, त्याच कंपनीचा ‘जेबी’ १६.४, डिमार्झिओ कंपनीचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ १३.७ च्या आसपास. मी आकडे वहीत मांडले आणि धरून चाललो की जास्त ओहम म्हणजे जास्त ताकद, जेबी म्हणजे फिफ्टी नाइनच्या दुप्पट.

वही समोर ठेवून एकदा जेवायला बसलो होतो तेव्हा लक्षात आलं की हाच हिशोब एखाद्या गिऱ्हाइकाने मोटारीबद्दल केला असता तर मी त्याला बसवून समजावलं असतं. ओहम तारेची लांबी आणि जाडी सांगतो. फिफ्टी नाइनसारख्या जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये अमेरिकन गेजची ४२ नंबर तार असते, साधारण ०.०६३ मिलिमीटर. जेबीमध्ये ४४ नंबर, साधारण ०.०५१. नंबर वाढला की तार बारीक. तेवढेच वेढे बारीक तारेने घातले तर रेझिस्टन्स साधारण १.६ पट होतो. म्हणजे जेबीचे १६.४ हे ४२ नंबरच्या भाषेत दहाच्या आसपास. ताकद जास्त आहेच, पण दुप्पट नाही. शिवाय चुंबक कुठला, ते या आकड्यात कुठंच येत नाही. फिफ्टी नाइन आणि जेबी दोन्हीत अल्निको पाच आहे, अॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा मिश्रधातू. सुपर डिस्टॉर्शनमध्ये सिरॅमिक.

वही बंद केली आणि ऐकायला निघालो. विजापूर रोडला राहणाऱ्या एका मित्राच्या गिटारमध्ये सुपर डिस्टॉर्शन आहे. ओहम जेबीपेक्षा कमी, पण माझ्या अॅम्पमध्ये लावल्या लावल्या तो जास्त जोरात आदळला. १९७२ पासून हा पिकअप विकला जातोय आणि का विकला जातोय ते एक पॉवर कॉर्ड मारली की कळतं. जाड, भरलेला, छातीवर येणारा आवाज. रॉक वाजवणाऱ्याने डोळे झाकून घ्यावा. पण मला स्वच्छ कॉर्ड हव्या होत्या, आणि तिथं तो अॅम्पला सतत ढकलत राहतो. व्हॉल्यूम सहावर आणला तर बरा वाटला, पण निम्मी रात्र व्हॉल्यूम कमी करून वाजवायची तर तो पिकअप घ्यायचा कशाला? जेबी पुण्यात एका ओळखीच्याकडे ऐकला. लीड वाजवताना सूर गाण्यासारखा पुढे येतो, वरच्या मिडमध्ये त्याची खास धार आहे. सोलो हेच ज्याचं काम, त्याच्यासाठी हाच. माझं काम सोलो आठ ओळी आणि मागे भरणं दोनशे ओळी.

म्हणून फिफ्टी नाइन, दोन्ही जागी. कमी वेढे, मध्यम ताकद, जुन्या पीएएफच्या वळणाचा.

ऑर्डर करताना एका गोष्टीवर घसरू नका: स्ट्रिंगमधलं अंतर. गिब्सन पद्धतीच्या ब्रिजवर पहिल्यापासून सहाव्या स्ट्रिंगपर्यंत साधारण ४९-५० मिलिमीटर असतात, ट्रेमोलोवाल्या बहुतेक गिटारवर ५२-५३. सीमोर डंकन रुंद पिकअपना ‘ट्रेमबकर’ म्हणतात आणि नावापुढे ‘टीबी’ लावतात, अरुंदला ‘एसएच’. डिमार्झिओकडे रुंदला ‘एफ-स्पेस्ड’ म्हणतात. मी पट्टी लावून मोजलं, ५२ आलं, टीबी मागवला. विक्रेत्याने पाठवला एसएच. फोन केला तर म्हणाले, “सर, आवाजात फरक पडत नाही, सगळे हाच बसवतात.” फरक किती पडतो हा वादाचा मुद्दा आहे, मान्य. पण दहा हजाराच्या आसपास मोजल्यावर पहिली आणि सहावी स्ट्रिंग पोलच्या बाहेर लटकलेली का बघायची? परत पाठवायला पाच आठवडे गेले, कुरिअरचे पैसे माझे. खोक्यावरचं सील फोडण्याआधी लेबल वाचा, एवढं मी त्यातून शिकलो. नेकला मात्र एसएचच चालतो, तिथं स्ट्रिंग जवळ आलेल्या असतात.

दोन्ही पिकअप हातात आले ते मे महिन्यात. दुकानावर पत्रा, दुपारी आत ४१ डिग्री. मीटर लावला तर ब्रिजचा पिकअप ८.६ दाखवायला लागला. जोडीदार म्हणाला, “काय करलालास बे, डुप्लिकेट दिलाय तुला.” डुप्लिकेट नव्हता. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. कंपनीचा आकडा साध्या खोलीतला, आमचा सोलापुरातल्या मे महिन्यातला. गरम मोटारची वाइंडिंग मोजून आम्ही निकाल देत नाही, तसंच हे. पहाटे सहाला पुन्हा मोजलं, ८.२ च्या जरा वर आला.

आतलं काम मन भरून बघितलं. चार रंगांच्या नाजूक वायर एका शील्डमध्ये, कॉइलवर मेण झिरपलेलं. आपण मोटारीला वार्निश पाजतो तेच इथं मेणाचं: वेढे हलू नयेत. वेढे हलले तर मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारतो. माझ्या जुन्या पिकअपची तीच तक्रार होती, फुल व्हॉल्यूमला मॉनिटरसमोर उभं राहायची सोय नव्हती.

जोडणीबद्दल. सीमोर डंकनमध्ये काळी वायर सिग्नलची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप मारायची. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, काळी-पांढरी एकमेकींना. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावू नका. दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र बसवणाऱ्यांनी फेज, म्हणजे दोघांचे सिग्नल एकाच दिशेने जातात का, हे आधी तपासावं, नाहीतर स्विच मध्ये ठेवून दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज डब्यातून आल्यासारखा पातळ होतो. त्याला काट्याचा मीटर लागतो. डीसी व्होल्टच्या सगळ्यात खालच्या रेंजवर पिकअपच्या दोन वायर लावायच्या, स्क्रूड्रायव्हर पोलवर टेकवायचा आणि झटकन उचलायचा. काटा एका बाजूला नाजूक उडी मारतो. दुसऱ्या पिकअपचाही त्याच बाजूला मारला तर फेज बरोबर. माझ्याकडे वडिलांचा जुना काट्याचा मीटर आहे, काच तडकलेली, काटा अजून सच्चा. दोन्हीचा उजवीकडे गेला. व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट (नॉबखालचे बदलते रेझिस्टर) ५०० किलोओहमचे टाकले. २५० चे पॉट वरचे सूर खातात, ते सिंगल कॉइलला शोभतात. पॉटच्या पाठीवर ग्राउंडचा डाग मारायला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न कमी पडतं, मी ६० चं घेतलं आणि चार सेकंदांत उचललं. जास्त वेळ धरलं तर पॉट आतून जातो.

आवाज. पहिली कॉर्ड ई मायनर, नेक पिकअप, अॅम्प स्वच्छ. खालची स्ट्रिंग गोल आली आणि वरच्या पाच तिच्यावर चढल्या नाहीत, तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. जोडीदार कीबोर्डवर बसला, आम्ही रात्री साडेअकरापर्यंत एकच गाणं वाजवत होतो. ब्रिज पिकअपला धार आहे, पण कानाला टोचत नाही. ओव्हरड्राइव्ह लावल्यावरही कॉर्डमधला तिसरा सूर ऐकू येतो, आणि मेजर की मायनर हे त्याच सुरावर ठरतं. पिक हलकी मारली तर आवाज साफ, जोरात मारली तर फाटतो. पेडलला पाय न लावता एवढं हाताने करता येणं, यासाठी मी हे पैसे पुन्हा देईन.

गणपतीत नवी पेठेतल्या एका मंडळासमोर कार्यक्रम होता. मास्तर गर्दीत मागे, उसाच्या रसवाल्याच्या गाडीपाशी उभे होते. खाली उतरल्यावर म्हणाले, “आज गिटार होती.” गेल्या वर्षापर्यंत ते म्हणायचे, “आज कार्यक्रम चांगला झाला.”

कमी कुठं पडतो तेही सांगतो. खाली ट्यून करून मेटल वाजवणाऱ्याला हा घट्ट वाटणार नाही, खालचा सूर जरा सैल पडतो. त्यांनी सिरॅमिककडे किंवा नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या अॅक्टिव्ह पिकअपकडे जावं. आणि गिटार स्वतः पंधरा हजारांची असेल तर दोन पिकअपचा खर्च गिटारहून जास्त होईल. तेव्हा एकच बदला, ज्यावर तुम्ही जास्त वेळ असता तो. माझ्यासारख्या मागे भरणाऱ्यासाठी तो नेकचा.

टोनच्या जागी मी ओढायचा पॉट बसवलाय. ओढला की लाल-पांढरीचा सांधा ग्राउंडला जातो आणि एकच कॉइल उरते. लावणीच्या खटक्यांना तो कोरडा, टणक आवाज फार छान बसतो. आता हे लिहिताना पलीकडे दुसरी पाळी सुरू झालीय. नॉब ओढला: घूंऽऽ. दाबला: फक्त भिंतीतून येणारी लुमांची खटखट.

जुने पिकअप काढताना वायर मुळापासून कापू नका, पॉटपाशीच डाग सोडवून काढा. माझे दोन्ही डब्यात नीट ठेवलेत, आमच्या गल्लीतला एक मुलगा पहिली इलेक्ट्रिक घेतोय, त्याच्या गिटारमधला एक पिकअप बंद पडलेला आहे.