आहुफेनुआ ट्रॉफीचा फार्म ओपन डे: न्यूझीलंडमधल्या शेतकरी घरातल्या मराठी लोकांनी नक्की जावं

न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी ज्यांच्या गावाकडे अजून जमीन आहे, आणि त्यातही ज्यांचा सातबारा सामाईक आहे, पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी माणसं वारलेली, वारसनोंदी राहिलेल्या, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू मुद्दाम लिहितोय. आहुफेनुआ ट्रॉफी म्हणजे माओरी (इथले मूळ रहिवासी) शेतीची इथली सगळ्यात मानाची स्पर्धा. एक वर्ष डेअरी, एक वर्ष मेंढ्या आणि बीफ, एक वर्ष फळबागा असं आलटून पालटून चालतं आणि फायनलला आलेली फार्म्स एक दिवस सगळ्यांसाठी खुली ठेवतात. आम्ही गेलो ते डेअरीचं फार्म होतं, नॉर्थ आयलंडच्या मधल्या भागात, नाव लिहीत नाही कारण तिथल्या लोकांना विचारलेलं नाही.

दिवस कसा असतो ते सांगतो. सकाळी आधी पोफिरी, म्हणजे त्यांच्या पद्धतीने स्वागत, भाषणं, गाणी, मग सगळ्यांशी होंगी, नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ. हे घाईत उरकत नाहीत आणि उरकूही नये, त्यामुळे उशिरा पोचलात तर सगळ्यात महत्त्वाचा भाग हुकला असं समजा. मग ट्रस्टी लोक, म्हणजे सगळ्या मालकांच्या वतीने जमीन सांभाळणारे, उभे राहून फार्मचा इतिहास आणि हिशेब सांगतात, मग बसने फार्मवर फेरी, रोटरी शेड (गोल फिरणाऱ्या चौथऱ्यावर गाईंचं दूध काढतात ती), चराई, ओढ्याकाठी लावलेली देशी झाडं, आणि शेवटी हांगी म्हणजे जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर शिजवलेलं मटण-चिकन-रताळी. शाकाहारी असाल तर बटाटे, रताळी आणि भोपळा मिळतो, पण सोबत डबा असलेला बरा.

माझ्यासाठी खरा ऐवज म्हणजे तो हिशेबाचा भाग होता. आपल्याकडे एवढ्या उघडपणे कुठल्या शेतीचे आकडे मांडलेले मी बघितले नाहीत. कर्ज किती, एका हेक्टरमागे दूध किती, खर्च किती, कुठे चुकलं, सगळं पडद्यावर, आणि समोर बसलेल्यांत जमिनीचे मालकच जास्त, कारण या जमिनीला मालक शेकड्यांनी किंवा हजारांनी असतात. एका आजीने उठून ट्रस्टच्या चेअरमनला विचारलं की ओढ्याच्या वरच्या अंगाला अजून कुंपण का नाही, आणि त्याने नीट उत्तर दिलं, टाळलं नाही. हे बघायला मी परत जाईन.

आता एवढे मालक झाले कसे, हे कळल्याशिवाय त्या दिवसाची किंमत कळत नाही म्हणून थोडं मागचं सांगतो. माओरी जमीन आधी हापूची, म्हणजे भावकीची असायची. 1865 च्या कायद्याने नेटिव्ह लँड कोर्टातून पट्टे द्यायला सुरुवात झाली आणि सुरुवातीला एका तुकड्यावर जास्तीत जास्त दहाच नावं लागायची, बाकीची भावकी कागदावरून गायब, आणि त्या दहांकडून जमीन विकत घेणं सोपं. पुढे जे उरलं त्यात प्रत्येक पिढीत सगळ्या मुलांना वाटा, वाट्याचा वाटा, असं करत नावं वाढत गेली. एवढ्या नावांच्या जमिनीवर कुठली बँक कर्ज देणार? गोऱ्या सेटलरना 1894 पासून सरकारी स्वस्त कर्ज मिळत होतं, माओरी लोकांच्या वाट्याला त्यातलं जवळजवळ काहीच आलं नाही. आणि उरलेली जमीन बरीचशी आडबाजूची, रस्ता नसलेली, झुडपांनी भरलेली.

इथे आपिराना न्गाता हा माणूस येतो. 50 डॉलरच्या नोटेवर ज्यांचा फोटो आहे तेच. ईस्ट कोस्टच्या न्गाती पोरोऊ जमातीचे, वकील, खासदार, 1928 ते 1934 नेटिव्ह मिनिस्टर, म्हणजे माओरी कारभाराचे मंत्री. त्यांच्या भागात मेंढ्या आधीपासून होत्या, मग दूधही आलं आणि रुआतोरियाला 1925 मध्ये लोकांची स्वतःची सहकारी डेअरी सुरू झाली, तिचं लोणी 'नाती' नावाने विकायचे. मी कोल्हापूरकडचा, सहकारी दूध संघाच्या गावात वाढलेला, त्यामुळे हे ऐकून फारच आपलं वाटलं. न्गातांनी 1929 मध्ये कायदा करून घेतला की मालकीचा गुंता सुटायची वाट न बघता सरकारने माओरी जमिनीवर थेट पैसे घालावेत. झाडोरा काढायचा, गवत पेरायचं, कुंपण, गोठा, घर, गाई द्यायच्या, आणि एकेका कुटुंबाला तिथे बसवून दुधाच्या पैशातून कर्ज वळतं करायचं. रोटोरुआजवळच्या होरोहोरोला 1930 मध्ये हे काम सुरू झालं. वायकातोमध्ये माओरी राजघराण्यातल्या ते पुएआ हेरांगी यांनी आपल्या लोकांना घेऊन हेच केलं, तेही मंदीच्या काळात, जेव्हा रोजगारच नव्हता.

मधल्या पठारावर एक वेगळीच अडचण होती, ती फेरीत बसमध्ये एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने समजावली. तिथली माती ज्वालामुखीची, प्युमिसची, हलकी. भरपूर गवत असूनही गुरं-मेंढ्या खंगून मरायच्या, त्याला बुश सिकनेस म्हणायचे. मातीत कोबाल्ट कमी हे 1930 च्या दशकात कळलं, मग खतातून चिमूटभर कोबाल्ट दिलं की तीच जमीन दुधाची झाली. त्याने बस थांबवून मूठभर माती काढून दाखवली, हातात घेतली तर वजनच लागत नाही.

ट्रॉफीसुद्धा न्गातांच्याच काळातली. गव्हर्नर जनरल लॉर्ड ब्लेडिस्लो यांच्यासोबत त्यांनी ती सुरू केली, पहिली 1933 मध्ये राउकोकोरेच्या विल्यम स्विंटन यांनी जिंकली. 1954 पासून डेअरी वेगळी, मेंढ्या-बीफ वेगळं. मध्ये स्पर्धा बंद पडली होती, 2003 पासून परत जोरात.

पण सगळं गोड गोड सांगत नाहीत, आणि याचे मी वेगळे मार्क देतो. सरकारी पैसा आला तसा सरकारी ताबाही आला. 1934 मध्ये खर्चाच्या हिशेबावरून चौकशी झाली, न्गातांनी राजीनामा दिला, आणि त्यानंतर सरकारी खातं सांगेल ते पेरायचं, खातं सांगेल तेव्हा विकायचं, मालकांना आपल्याच रानात काही विचारायचं नाही असं कित्येक वर्षं चाललं. 1953 च्या कायद्यात तर 25 पाउंडांपेक्षा कमी किमतीचा वाटा 'परवडत नाही' म्हणून वारसाला न देता 'माओरी ट्रस्टी' या सरकारी अधिकाऱ्याने विकत घ्यायची सोय होती. म्हणजे कागद सुटसुटीत झाला पण माणसाचं त्या मातीशी नातंच तुटलं. एका ट्रस्टी बाईंनी हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता आणि चढायलाच हवा होता. आज 1993 च्या कायद्याखाली ट्रस्ट आहेत, वाटे तसेच राहतात, जमीन विकणं फार अवघड, पण कारभार एकत्र, मॅनेजर पगारी, आणि नफ्यातून शिष्यवृत्त्या, माराएची (जमातीच्या सभेच्या जागेची) दुरुस्ती असली कामं होतात.

मला पटलं ते हेच, की वाटे न मोडताही शेती एकत्र चालवता येते. आपल्याकडे तुकडेबंदी कायदा 1947 चा आहे, तरी भावाभावात दहा गुंठ्यांवरून कोर्टात जातो आपण, आणि शेवटी सगळे मिळून बिल्डरला देतो. इथे आजीचा वाटा कितीही छोटा असो, ती उभी राहून कुंपणाचं विचारू शकते.

खटकलेल्या गोष्टी: भाड्याने आणलेल्या एका बसचा माइक बंद होता, मागच्या सीटवर काही ऐकू आलं नाही, म्हणून पुढे बसा. मेंढ्यांबद्दल या वर्षी जवळजवळ काही नव्हतं, त्यासाठी मेंढ्या-बीफचं वर्ष बघावं लागेल. लहान मुलांना हिशेबाच्या भागात कंटाळा येतो, शेडमध्ये मात्र ती रमतात.

माझ्याकडून 5 पैकी 4.5. गमबूट न्या, दुसऱ्या फार्मवरून येत असाल तर ते धुऊन न्या, रोगराईबद्दल ते फार काटेकोर आहेत. गावाकडून आईवडील आले असतील तर त्यांना आधी इथे न्या, हॉबिटन (सिनेमाचा सेट, पर्यटनाचं ठिकाण) नंतर. माझ्या वडिलांना इंग्रजी फारसं येत नाही, पण जेवताना शेजारच्या काकांशी म्हशीच्या फॅटवरून हातवारे करत त्यांचं एवढं जमलं की बस सुटायची वेळ झाली तरी उठेनात.