आधी कुठे ऐकायचं: ग्रामसभेत की वाडीवर?
गावात मदतीचं काम सुरू करायचंय, तर गरजा ग्रामसभेत विचाराव्यात की वाडीवाडीत जाऊन? ग्रामसभेत ठराव होतो, नोंद राहते, पंचायतीकडे निधी मागता येतो. पण तिथे पाखाडी (वाडीतली दगडी पायवाट), पाणी, दिवाबत्ती हेच पुढे येतं. मुलगा मुंबईला, घरात आजी एकटी, बीपीच्या गोळ्या आणायला कोणी नाही, हे चारचौघांत कोण बोलणार? ते पडवीत निवांत बसल्यावरच कळतं. कोळीवाड्यात तर १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत जावं. यांत्रिक होड्या किनाऱ्याला असतात, माणसं भेटतात. मासळी विकणाऱ्या बायकांना मात्र बाजार उरकल्यावरच गाठावं. वेळ जास्त जातो, खरंय. तरी मी आधी वाड्याच फिरेन आणि मग ग्रामसभेत मांडेन, कुणाचंही नाव न घेता.